मॅक पत्त्याचा पोकळ पहारा

फायरवॉलवर हार्डवेअर पत्त्यांची यादी ठेवायची, यादीतल्या संगणकांना इंटरनेट खुले करायचे आणि बाकीच्यांना दारातच अडवायचे, ही पद्धत कार्यालयांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि केबलवाल्यांच्या ब्रॉडबँड जोडण्यांत चांगली रुळलेली आहे. रोजच्या बोलण्यात तिला ‘मॅक बाइंडिंग’ म्हणतात. तिच्या बाजूचा युक्तिवाद थोडक्यात असा: आयपी पत्ता कोणीही बदलतो, डीएचसीपी तर तो आपणहून बदलून देते, मॅक पत्ता मात्र कारखान्यातच चिपवर कोरला जातो, म्हणून उपकरण ओळखायचे तर त्याच पत्त्यावरून ओळखावे. यातला आयपी पत्त्याबद्दलचा भाग खरा आहे. मॅक पत्त्याबद्दलचा भाग चुकीचा आहे आणि सगळी इमारत उभी आहे ती त्याच भागावर.

मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि तो बारा षोडशमान अंकांत लिहितात. सहसा त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाचा क्रमांक दाखवतात. हा क्रमांक आयईईई ही संस्था देते. उरलेल्या २४ बिटांत उत्पादक आपल्या मालाला नंबर घालतो, म्हणजे एका क्रमांकाखाली १,६७,७७,२१६ कार्डे बसतात. हा पत्ता कार्डावरच्या छोट्या स्मृतीत लिहिलेला असतो, इथवर सारे ठीक. पण नेटवर्कवर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर तो तिथून आपोआप उमटत नाही. संगणक सुरू होताना ड्रायव्हर तो वाचून आपल्याकडे नोंदवून ठेवतो आणि पुढे प्रेषकाच्या रकान्यात त्या नोंदीतला पत्ता भरला जातो. नोंद बदलली की पत्ता बदलला. चिपवरचा मूळ पत्ता जागच्या जागी राहतो, पण बाहेर तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पहारेकऱ्याला दिसते ती नोंद, कोरीव अक्षरे नव्हेत.

ही नोंद बदलायला कसब लागत नाही. लिनक्सवर एका ओळीची आज्ञा पुरते. विंडोजवर बऱ्याच कार्डांच्या प्रगत गुणधर्मांत ‘नेटवर्क ॲड्रेस’ नावाचा रकानाच असतो. घरगुती राउटरांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. केबलवाला जोडणी देताना ग्राहकाच्या पहिल्या संगणकाचा मॅक पत्ता आपल्या यंत्रणेत बांधून टाकत असे. पुढे ग्राहकाने राउटर विकत आणला की इंटरनेट बंद. मग फोन, तक्रार, दोन दिवसांची वाट. राउटर बनवणाऱ्यांनी यावर तोडगा म्हणून सेटिंगच्या पानावर एक बटण दिले: ‘क्लोन मॅक ॲड्रेस’. ते दाबले की राउटर त्या संगणकाचा पत्ता धारण करतो आणि पलीकडच्या यंत्रणेला काडीचा फरक कळत नाही. ज्या बंधनाची किल्ली हजार-दीड हजाराच्या डब्यात फुकट मिळते, त्याला सुरक्षा म्हणायचे कसे?

यावर म्हटले जाते, की हा मानकाचा गैरवापर आहे. मुळात पत्ता अचलच ठरवला होता. तसेही नाही. मानकाने पत्त्याच्या पहिल्या बाइटमध्ये एक बिट याच कामासाठी राखला आहे: तो शून्य असेल तर पत्ता उत्पादकाने दिलेला, एक असेल तर स्थानिक व्यवस्थापकाने ठरवलेला. म्हणजे बदलण्याची सोय मुळातच आहे. डेकनेट या नेटवर्क प्रोटोकॉलच्या चौथ्या टप्प्यात, १९८० च्या दशकातच, प्रत्येक यंत्र कार्डावरचा पत्ता बाजूला सारून एए-००-०४-०० ने सुरू होणारा पत्ता घेत असे, कारण त्या प्रोटोकॉलला तो तसा हवा होता. आजही व्हीआरआरपी वापरणारे दोन राउटर ००-००-५ई-००-०१ ने सुरू होणारा एकच आभासी पत्ता आळीपाळीने वापरतात. एक बंद पडला की दुसरा तोच पत्ता घेऊन उभा राहतो. जोडीने चालणाऱ्या कित्येक फायरवॉल स्वतः याच युक्तीवर चालतात. इतरांचा मॅक पत्ता अढळ मानणारा पहारेकरी स्वतःच उसन्या नावाने दारात उभा असतो, ही गंमत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा मॅक पत्ता म्हणजे उपकरणाने स्वतःबद्दल सांगितलेले नाव. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाला ‘मी मुलीकडचा’ आणि वधूपक्षाला ‘मी मुलाकडचा’ सांगून जेवून जाणारा पाहुणा जितका ओळखला जातो, तितकीच ही ओळख. नाव विचारण्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो सांगितलेले नाव पुरावा म्हणून मान्य केल्यावर.

बरे, नाव मिळवावे कसे, हा तरी अडथळा आहे का? वायफायमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ने मजकूर कितीही घट्ट बंद केला, तरी फ्रेमच्या डोक्यावरचे पत्ते उघडेच प्रवास करतात, कारण कोणती फ्रेम कोणी उचलायची हे त्यांवरूनच ठरते. परिसरात बसून ऐकणाऱ्याला परवानगी असलेल्या उपकरणांची यादी, पासवर्ड माहीत नसतानाही, आयती मिळते. तारेच्या नेटवर्कवर शेजारच्या यंत्रांचे पत्ते कोणत्याही संगणकाच्या एआरपी तक्त्यात जमत राहतात. आणि प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, टेबलावरचा आयपी फोन यांच्या पाठीवर किंवा बुडाशी मॅक पत्त्याचे स्टिकर चिकटवलेलेच असते. पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवणाऱ्या कारकुनाला जे सिस्टीम ॲडमिन रागे भरतात, त्यांनीच आपल्या फायरवॉलचा परवाना मार्गिकेतल्या प्रिंटरवर छापलेला ठेवलेला असतो.

इथवरचा दोष पत्त्याचा. दुसरा दोष जागेचा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. मॅक पत्ता एकाच स्थानिक तुकड्यापुरता अर्थपूर्ण असतो. पॅकेट राउटरमधून पुढे जाताना जुना इथरनेट मथळा काढून टाकला जातो आणि नवा चढवला जातो. नव्या मथळ्यात प्रेषक म्हणून राउटरचा पत्ता असतो. छोट्या कार्यालयात संगणक आणि फायरवॉल एकाच तुकड्यात असतात, म्हणून तिथे मॅकचे नियम चालतात. इमारत मोठी झाली, मजल्यामजल्यांचे वेगळे कप्पे, म्हणजे व्हीलॅन, पडले आणि मध्ये तिसऱ्या स्तरावरचा, म्हणजे राउटरचेही काम करणारा, कोअर स्विच आला, की फायरवॉलला सगळ्या पॅकेटांवर एकच मॅक पत्ता दिसतो: त्या स्विचचा. तो यादीत घातला तर सर्वांना मोकळीक, काढला तर सर्व बंद. काही फायरवॉल यावर उपाय म्हणून एसएनएमपीने स्विचकडून एआरपी तक्ता मागवतात आणि त्यावरून कोणता आयपी कोणत्या मॅकचा हे जुळवतात. ओपीएनसेन्स या फायरवॉलमध्ये मॅक पत्त्यांचा संच केला, तर तोही आतून शेजारतक्ता पाहून आयपी पत्त्यांत बदलला जातो आणि नियम लागू होतो तो त्या आयपींना. म्हणजे ‘आयपीवर भरवसा नको म्हणून मॅक’ या प्रवासाचा शेवट पुन्हा आयपीवरच होतो.

जागेचा दोष इथे संपत नाही. एकाच व्हीलॅनमधल्या दोन यंत्रांमधली वाहतूक फायरवॉलपर्यंत जातच नाही. स्विच ती परस्पर पोचवतो. फायरवॉलवर यादी लावून बाहेरच्या लॅपटॉपचे इंटरनेट बंद केले, तरी भिंतीवरच्या पोर्टमध्ये तार खोचलेला तो लॅपटॉप शेजारच्या फाइल सर्व्हरशी, प्रिंटरशी, कॅमेऱ्यांशी सुखेनैव बोलू शकतो. त्याला यूट्यूब दिसणार नाही. हिशेबाचा सर्व्हर मात्र दिसेल. ज्याला ‘नेटवर्कमध्ये प्रवेश रोखला’ म्हणतात, ते प्रत्यक्षात ‘नेटवर्कमधून बाहेर जाणे रोखले’ असते.

आतली वाहतूक किती महाग पडते, हे २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याला दिसले. नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क समूहाच्या संगणकांत हाहाकार उडवला, तेव्हा जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तो प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला तो आतल्या आत, विंडोजमधली एक उणीव आणि चोरलेले पासवर्ड वापरून. ज्या यंत्रांवरून तो पसरला ती कंपनीचीच, रीतसर खरेदी केलेली यंत्रे होती. मॅक पत्त्यांची कोणतीही यादी त्यांतल्या प्रत्येकाला ‘आपला माणूस’ म्हणाली असती. अर्थात उपकरणाची ओळख अधिक पक्क्या पद्धतीने पटवली असती, तरी एवढ्याने हा हल्ला थांबला नसता. पण वेळ आणि माणसे जिथे थोडी आहेत, तिथे ती यादी राखण्यात घालवावीत की नेटवर्कचे आतले कप्पे पाडण्यात, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले.

परवानगीची यादी निदान काहीतरी करते. बंदीची यादी तेवढेही करत नाही. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले आहे. सप्टेंबर २०१० मध्ये ॲरन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रामरने संस्थेच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या संग्रहातले शोधनिबंध मोठ्या प्रमाणावर उतरवायला सुरुवात केली. जेस्टोरने आयपी पत्ता अडवला. दुसऱ्या दिवशी काम दुसऱ्या आयपीवरून सुरू झाले. मग संस्थेने लॅपटॉपचा मॅक पत्ताच बंद केला. पुढे दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार त्या पत्त्याचे शेवटचे अक्षर ‘बी’ होते, ते ‘सी’ झाले आणि लॅपटॉपची पाहुणा म्हणून नव्याने नोंदणी झाली. एका अक्षरात बंदी उठली. अखेर छडा लागला तो वेगळ्याच मार्गाने. वाहतूक कोणत्या स्विचमधून येते हे शोधत जाऊन एका इमारतीच्या तळघरातल्या तारांच्या खोलीत खोक्याखाली झाकलेला लॅपटॉप सापडला, तिथे कॅमेरा बसवला गेला आणि ६ जानेवारी २०११ रोजी अटक झाली. त्या खटल्याचे पुढे जे झाले आणि जानेवारी २०१३ मध्ये स्वार्ट्झने आयुष्य संपवले, तो विषय फार मोठा आणि क्लेशकारक आहे. इथे नोंदवायचे ते इतकेच, की तांत्रिक शिक्षणात जगात अग्रगण्य असलेल्या संस्थेच्या नेटवर्कवरही मॅकची बंदी टिकली नाही. उपयोगी पडले ते स्विचचे पोर्ट आणि खोलीचे दार.

गेल्या काही वर्षांत तर यादीच्या पायाखालची जमीनच सरकली आहे. आता पत्ता बदलायला लबाडी करावी लागत नाही. फोन तो आपणहून बदलतात. अँड्रॉइड १० ने २०१९ मध्ये आणि आयओएस १४ ने २०२० मध्ये प्रत्येक वायफायसाठी वेगळा, यदृच्छ मॅक पत्ता वापरणे हीच मूळ सेटिंग केली. आयफोनमध्ये नेटवर्क सेटिंग नव्याने बसवली की पत्ता नवा. आयओएस १८ पासून कमकुवत सुरक्षेच्या वायफायवर तो साधारण दर दोन आठवड्यांनी फिरतो. हे पत्ते ओळखू येतात, कारण मघाचा ‘स्थानिक’ बिट त्यांत एक असतो आणि पत्त्यातला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई येतो. पण ओळखून करायचे काय? हा फोन खरा पत्ता सांगत नाही एवढेच त्यातून कळते. तो कोणाचा, हे नाही.

फोन बनवणाऱ्यांना ही उठाठेव उगाच सुचली नाही. स्थिर मॅक पत्ता म्हणजे माणसाच्या गळ्यातली घंटा. २०१३ मध्ये लंडनच्या ‘सिटी’ भागातल्या काही जाहिरातवजा कचरापेट्या जवळून जाणाऱ्यांच्या फोनचे मॅक पत्ते टिपत होत्या. बातमी फुटल्यावर तिथल्या नगर प्रशासनाला ते बंद करायला सांगावे लागले. ही पाळत थांबावी म्हणून जी सोय आली, तीच आता कार्यालयांची सूचनापत्रके ‘वायफायसाठी कृपया बंद करावी’ म्हणून सांगतात. कर्मचाऱ्याने स्वतःचे संरक्षण उतरवून ठेवायचे, कशासाठी, तर ज्या यादीने कोणाचेच संरक्षण होत नाही ती टिकावी म्हणून.

मॅकवाद्यांचा आवडता बचाव मात्र वेगळाच आहे. निष्णात चोर कुठल्याही कुलपाने थांबत नाही, म्हणतात. कुलूप असते ते सहज दार ढकलून पाहणाऱ्यासाठी, आणि सामान्य माणूस मॅक पत्ता बदलायच्या भानगडीत पडत नाही. हे ऐकायला पटते. पण या कुलपाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो ते पाहावे. लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला, पत्ता बदलला: अर्ज करा. लॅपटॉपला तारेचे पोर्ट नाही म्हणून यूएसबी अडॅप्टर लावला: पत्ता अडॅप्टरचा, पुन्हा अर्ज. तो अडॅप्टर शेजाऱ्याने मागून नेला की परवानगीही त्याच्याबरोबर गेली, अर्ज न करता. वायफायचा पत्ता वेगळा, तारेचा वेगळा. एका माणसामागे दोन-तीन नोंदी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. सहज दार ढकलणाऱ्याला अडवायला पासवर्ड आणि पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय पुरेसे असते. त्याच्यासाठी ही सगळी यातायात नको.

शिवाय यादी कुजते. नवे नाव घालण्यासाठी माणूस तक्रार करतो, म्हणून ते घातले जाते. भंगारात गेलेल्या संगणकाचे नाव काढा असे सांगायला कोणी येत नाही, म्हणून ते राहते. नोकरी सोडून गेलेल्याचा लॅपटॉप, दुरुस्तीवाल्याचा जुना संगणक, चाचणीसाठी आठवडाभर आणलेला राउटर, सगळ्यांचे परवाने जिवंत. आणि अशा मेलेल्या उपकरणाचा पत्ता धारण करणाऱ्याला एक विशेष सोय मिळते: एकाच पत्त्याची दोन यंत्रे चालू असली की स्विच गोंधळतो आणि जोडणी अडखळते, त्यावरून निदान संशय तरी येतो, इथे दुसरे यंत्रच नसल्याने तोही येत नाही.

आता प्रतिपक्षाचा खरोखर वजनदार मुद्दा. आयपीव्ही६ मध्ये एका यंत्राला एकाच वेळी अनेक पत्ते असतात आणि खासगीपणासाठी त्यांतले काही ठरावीक काळाने बदलत राहतात. अशा यंत्रासाठी आयपीवर नियम लिहिणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे; मॅक पत्ता त्या सगळ्या आयपींना एका खुंटीला बांधतो. हा मुद्दा मान्य करावाच लागतो, आणि आपलेच, ओळखीचे उपकरण कोणत्या नियमाखाली ठेवायचे हे ठरवण्यापुरता तो बरोबरही आहे: मुलाच्या टॅबलेटला रात्री दहानंतर इंटरनेट नको, टीव्हीला अमुक मार्ग द्यावा, वगैरे. पण ही गृहव्यवस्था झाली. जिथे समोरचा फसवू इच्छितो, तिथे हाच नियम पहिल्या धक्क्याला पडतो. मोठ्या जागी तर पत्त्यावर नियम लिहिण्याची गरजच नसते. उपकरणांचे गट वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवून फायरवॉलच्या त्या त्या इंटरफेसवर नियम लावला, की आयपीव्ही६ चे पत्ते किती आणि कितीदा बदलतात याची फिकीर उरत नाही.

चौकशीत मॅकची नोंद कामी येते, असेही सांगितले जाते, आणि शासनालाही या कल्पनेची भुरळ पडलेली दिसते. जम्मू-काश्मीरमध्ये २०२० मध्ये इंटरनेट टप्प्याटप्प्याने सुरू करताना निघालेल्या आदेशांत तारेच्या जोडण्यांसाठी ‘मॅक बाइंडिंग’ची अट होती. पण बांधला जातो तो पत्ता. त्यामागे बसलेला माणूस नाही, आणि वर पाहिल्याप्रमाणे यंत्रही नाही. बांधलेल्या पत्त्यामागे एक राउटर लावला की त्या राउटरमागची दहा यंत्रे बाहेरून एकच दिसतात.

मग ओळख पटवायची कशी? उपकरणाने नाव सांगून भागणार नाही. दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही असे काही त्याने सिद्ध करून दाखवले पाहिजे. ८०२.१एक्स हे मानक २००१ पासून हेच काम करते. तार खोचल्यावर स्विच आधी पोर्ट बंदच ठेवतो. संगणक आपल्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली जवळ असल्याचे ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरला पटवतो. मगच पोर्ट उघडते आणि योग्य व्हीलॅन मिळतो. किल्ली हवेतून ऐकू येत नाही, स्टिकरवर छापलेली नसते. माणूस नोकरी सोडून गेला की प्रमाणपत्र रद्द. वायफायवर हीच पद्धत एंटरप्राइज नावाने मिळते. पहारा फायरवॉलवर न राहता स्विचच्या पोर्टवर येतो, म्हणजे प्रवेश जिथे होतो तिथेच. ‘महाग पडेल’ ही तक्रार अर्धीच खरी आहे: फ्रीरेडियस फुकट आहे, आणि कार्यालयात बसवण्याजोगे बहुतेक व्यवस्थापित स्विच ८०२.१एक्स जाणतात. खर्च होतो तो शिकण्याचा आणि प्रमाणपत्रे वाटण्याचा. ही पद्धतही निर्दोष नाही. पोर्ट उघडल्यानंतर मध्येच घुसणाऱ्यावर तिच्याकडे स्वतःचा इलाज नाही. त्यासाठी तारेवरची वाहतूक कूटबद्ध करणारे मॅकसेक जोडावे लागते. पण तिथे घुसायला प्रत्यक्ष तारेत हात घालावा लागतो. शेजारच्या खोलीत बसून ऐकणे पुरत नाही.

प्रमाणपत्र न समजणारे जुने प्रिंटर, हजेरीची यंत्रे, कॅमेरे उरतातच. त्यांना मॅकवरून आत घ्यावे लागते, हे खरे; स्विचांमध्ये त्यासाठी वेगळी सोयही असते. पण त्यांची जागा वेगळ्या, बंदिस्त व्हीलॅनमध्ये, जिथून प्रिंटर फक्त प्रिंट सर्व्हरशी आणि कॅमेरा फक्त रेकॉर्डरशी बोलेल. मग कोणी प्रिंटरचा पत्ता चोरला, तरी त्याच्या हाती प्रिंटरइतकेच जग लागते. मॅकची यादी स्वतः फेकून देण्याची वस्तू नाही. आयपी राखून ठेवायला, मालमत्तेची नोंद ठेवायला, अनोळखी पत्ता दिसताच सूचना द्यायला ती कामाची आहे. फक्त परवान्याचा शिक्का तिच्या हातून काढून घ्यावा.

हे सगळे जमेपर्यंत ज्यांच्या फायरवॉलवर आज ती यादी आहे, त्यांनी एक काम मात्र या आठवड्यातच करावे. यादीची प्रत काढावी, हातात घेऊन मजल्यामजल्यावर फिरावे आणि प्रत्येक नोंदीसमोरचे उपकरण कोणत्या टेबलावर आहे ते डोळ्यांनी पाहावे. जे सापडणार नाही, त्याची नोंद त्याच संध्याकाळी खोडावी.